पहिल्या क्रमांकाचा चित्रपट

दिग्दर्शिका वसुधा केळुसकरांचे सातही चित्रपट नॅटलीने आठवडाभरात पाहून संपवले. अंधेरीतल्या ज्या वेबसाइटसाठी ती लिहायची, तिथला संपादक देवेश त्यांच्या क्रमवार यादीसाठी मागे लागला होता. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांचा हरवलेला मानला गेलेला 'भरतीचं घर' नव्याने साफ होऊन ऑनलाइन आला होता. परदेशी महोत्सवांत फिरलेला हा चित्रपट इथल्या थेटरात कधी लागलाच नव्हता.

नॅटलीने त्यालाच पहिला क्रमांक दिला. कारण शेवटचा शॉट. हिरवं लुगडं नेसलेली पाठमोरी नायिका समुद्रात चालत जाते, पाणी गळ्याशी येतं, मग नुसता एक हात वर दिसतो आणि तोही जातो. चार मिनिटं कॅमेरा हलत नाही. 'निरोपाचा असा हात आपल्या पडद्यावर दुसरा नाही,' असं तिने लिहिलं आणि स्वतःच्या वाक्यावर खूश झाली.

चित्रण मढला, तिच्याच गावात झालेलं. म्हणून रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिने आईला, सेराफिनाला, तो शॉट लॅपटॉपवर दाखवला.

सेराफिना आधी हसली. "तो बघ, जुना क्रूस!" मग पडद्याजवळ वाकली. पडद्यावरची बाई पाण्यात शिरताना डावा पाय जरा ओढत होती.

"बाय, ही हिरोइन नाय."

"मग कोण?"

"फ्लेविया."

फ्लेविया म्हणजे सेराफिनाची धाकटी बहीण, लहानपणापासून डावा पाय ओढत चालणारी. नॅटली दोन वर्षांची असताना गेली. कालवं काढताना लाटेने ओढून नेली, असं शूटिंगवाल्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. शूटिंग आदल्या दिवशीच आटपलंय, असंही म्हणाले होते. दोन दिवसांनी ती खडकांत सापडली.

"अंगावर हिरवं लुगडं होतं," सेराफिना म्हणाली. "आमच्या घरात कुणाचं नव्हतं तसलं. तुझ्या युस्टेसमामाने विचारलं पण, कुणाचं हे? कोण सांगणार!"

नॅटलीने शॉट पुन्हा लावला. या वेळी तिला दिसलं की तो हात निरोप देत नव्हता. तो मदतीला बोलावत होता.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वसुधाबाईंना फोन लावला. आवाज गोड, घरच्या मावशीसारखा.

"पहिला नंबर? योग्यच केलंस. तो शॉट मी एकदाच घेतला."

"मॅडम, पाण्यात कोण होतं?"

"गावातली एक मुलगी. आमच्या हिरोइनला पाण्याची भीती."

"तिचं नाव फ्लेविया. माझी मावशी."

पलीकडे बाईंनी पंखा बंद केला.

"सगळे ओरडत होते," बाई म्हणाल्या, "पण मला वाटलं, काय छान करतेय पोरगी! नंतर कळलं. मग तो शॉट टाकून द्यायचा? तिचं मरण फुकट घालवायचं?" आणि त्याच गोड आवाजात, "तू समीक्षक आहेस ना? तो शॉट काढलास, तर माझा चित्रपट कितवा येईल, सांग बरं."

नॅटलीने फोन कट केला. कारण उत्तर तिला माहीत होतं. पाचवा. फार तर चौथा.

तिने परिच्छेद नव्याने लिहिला, मावशीच्या नावासकट. देवेशने तो वाचला आणि नकारार्थी मान हलवली. "पुरावा काय? वाट लागेल यार आपली." संध्याकाळी जुनाच मजकूर गेला, तिच्या नावाने. घरी पोहोचेपर्यंत त्या हाताची क्लिप हजारोंनी पुढे पाठवली होती. खाली लोक लिहीत होते, काय अभिनय आहे!

तिने देवेशला राजीनामा पाठवला. दुसऱ्या दिवशी युस्टेसमामाला घेऊन पोलिसांत अर्ज दिला. इतक्या वर्षांनी फारसं काही होईल असं तिथल्या कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, पण अर्ज घेतला.

परतल्यावर पाहिलं, तर सेराफिना लॅपटॉपसमोर बसलेली. चूल थंड होती, सकाळचा चहा तसाच साय धरून. पडद्यावर फ्लेविया गुडघाभर पाण्यात थांबलेली. क्लिप पुढे गेली की सेराफिना पुन्हा मागे आणायची.

"मम्मी, बंद कर ना."

सेराफिनाने मुलीचा हात बाजूला सारला. "राहू दे गं. अजून ती उभी हाय."