डाव्या हातातलं पिस्तूल

सुलेखाबाईंनी स्पीकरवर तळहात ठेवला. आतली धडधड तापलेल्या इंजिनाच्या पत्र्यासारखी हाताला लागत होती. त्यांनी हात काढला नाही.

"आई, आवाज कमी करू का?" तन्मयनं, त्यांच्या जावयानं, सोफ्यावरून विचारलं.

"थांबा हो तन्मयराव. आता तो जिन्यावरनं खाली येतोय."

"कोण?"

"हीरो. काळं कातडी जाकीट, डाव्या हातात पिस्तूल. आता गाडीत बसंल नि गाडी डावीकडं पळंल. त्याच्या आधी शिट्टीगत वर चढतंय बघा… चढलं!"

शिट्टीसारखा सूर खरोखरच वर चढला. तन्मय उठून उभा राहिला. वन-नॉर्थच्या ऑफिसातून आला की रोज तो अशी एखादी तबकडी लावायचा. त्यात गाणी नसत. डिस्कोच्या काळातल्या सिनेमांत पाठलागाच्या, चोरीच्या, रिकाम्या रस्त्यांच्या मागे वाजलेलं सिंथेसायझरचं संगीत असे. मशीनचं असूनही त्यातला सूर जिवंत माणसासारखा किंचित डगमगतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोचं, अनघाचं, म्हणणं, आपला फ्रिज बिघडून घरघरला तरी ह्याला ते संगीतच वाटेल.

"आई, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय?"

"रोज."

त्यानं लगेच फोनवर तो प्रसंग शोधून काढला. काळं जाकीट होतं, जिना होता. पिस्तूल मात्र उजव्या हातात होतं, आणि गाडी उजवीकडे पळाली.

"सगळं बरोबर सांगितलंत. फक्त बाजू उलटी," तो हसत म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात अनघा कोथिंबीर निवडत उभी होती. ती हसली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं सुलेखाबाईंनी पाहिलं.

तासगावहून त्या परदेशी, लेकीकडे क्वीन्सटाउनला आल्या, त्यानंतर एकदा एमआरटीच्या, तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनातून भलत्याच दारानं बाहेर पडल्या होत्या आणि बराच वेळ एका बाकावर बसून राहिल्या होत्या. एकदा लिफ्टमधून उतरून दुसऱ्याच्याच फ्लॅटची बेल वाजवली होती. त्या घरातल्या चिनी म्हातारीनं त्यांना संत्रं देऊन परत पाठवलं. इराला, नातीला, ती गोष्ट फार आवडली होती. अनघाला आवडली नव्हती. तिनं मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. मंगळवारची.

"नुसतं दाखवून घेऊ गं आई. सगळेच दाखवतात."

"आणि माझं परतीचं तिकीट?"

"डॉक्टर काय म्हणतात बघू. मग ठरवू."

तासगावात दोन खोल्या होत्या, दारात कढीपत्ता होता, मनात येईल तेव्हा कडी काढून बाहेर पडता येत होतं. डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं की त्या कडीला कुलूप लागणार, हे सुलेखाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या खिडकीपासून दारापर्यंत जात आणि दारापासून खिडकीपर्यंत येत. खाली बसमधून माणसं चढत, उतरत, कुठं कुठं जात. सुलेखाबाईंच्या पायांना जायला जागाच नव्हती.

त्या रात्री अंथरुणात त्यांनी तो सिनेमा पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिला. पिस्तूल डाव्याच हातात होतं. हीरो डावखुरा होता. जेवायचासुद्धा डाव्या हातानं, तेव्हा त्यांना ते कसंसंच वाटायचं. एवढं डोळ्यांसमोर असलेलं खोटं कसं निघेल? आणि निघालं, तर आणखी काय काय खोटं असेल?

नवऱ्याची फिरती टॉकीज होती. जत्रा उठली की तंबू उठायचा आणि दुसऱ्या जत्रेत उभा राहायचा. नवरा पुढं मशीनपाशी. सुलेखाबाईंची जागा पडद्यामागं, जनरेटरजवळ. तिथंच चूल, तिथंच डिझेलचे डबे, तिथंच दोन बांबूंना बांधलेली अनघाची झोळी. पुढची जागा तिकीट काढणाऱ्यांची. मालकाच्या बायकोनं तिथं बसणं बरं दिसत नसे. जनरेटरच्या धडाक्यात नट काय बोलतात ते कळायचं नाही. गाण्यांतले शब्दही अर्धे वाऱ्यावर जायचे. पण हे पाठलागाचं वाजायला लागलं की जनरेटर हरायचा. जमिनीतून यायचं ते, पायातून चढायचं. ना तबला, ना सारंगी, न पाहिलेल्या कुठल्याशा शहराचे दिवे एकामागून एक लागत गेल्यासारखं. भाकरी थापता थापता त्यांना वाटायचं, उठावं आणि चालत सुटावं. त्या मात्र झोळीची दोरी ओढत राहायच्या. अनघा दुसऱ्या कशानं झोपायची नाही, ह्यानं झोपायची.

पुढं अनघाला शाळेसाठी पुण्याला मावशीकडे ठेवलं. "बाबांचा सिनेमाचा धंदा होता," एवढंच ती लोकांना सांगे. तिला तेवढंच माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी तन्मयचा मित्र कुशल सेरंगूनहून प्रोजेक्टर घेऊन आला. आईंना तो सिनेमा पूर्ण दाखवायचाच, असं तन्मयनं मनावर घेतलं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोरी बांधून पांढरी चादर लावली गेली.

"चादर इस्त्री केली असतीस तर हिरोइनच्या गालावर सुरकुत्या पडल्या नसत्या," कुशल म्हणाला.

"तुझ्या घरी लाव की मग, इस्त्रीची," अनघा म्हणाली. सगळे हसले.

सुलेखाबाईंना मधली खुर्ची मिळाली. दिवे मालवले आणि ती धडधड सुरू झाली. त्यांची टाच आपोआप जमिनीवर पडू लागली. पुढं काय वाजणार ते त्यांना आधी कळत होतं. शिट्टी कुठं चढणार, कुठं सगळं तुटून नुसती टिकटिक उरणार. पण प्रत्येक वेळी चित्र फसवत होतं. जिना उलट्या अंगाला. दार उलट्या अंगाला. हीरो उजव्या हातानं जेवत होता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कान एक सांगत होते, डोळे दुसरं.

"आजी, ओके आर नॉट?" इरानं विचारलं.

"पाणी पिऊन येते."

अनघा उठू लागली. तन्मयनं तिच्या हाताला हात लावला, तशी ती बसली.

चादरीच्या कडेनं सुलेखाबाई स्वयंपाकघरात गेल्या. अंधारात फ्रिजची मोटर घुमत होती. त्यांनी पेला भरला, तोंडाला लावला आणि तसाच राहू दिला.

चादरीवर हीरो जिन्यावरून खाली येत होता. पिस्तूल डाव्या हातात होतं.

त्या खाली बसल्या. पाठ फ्रिजला टेकली. गाडी डावीकडं पळाली. दार आपल्या जागी होतं, जिना आपल्या जागी होता. पाण्याचा घोट आता सुखानं खाली गेला.

मग संगीत तुटलं आणि चादरीवर मोठी अक्षरं आली. त्या काळी ती अक्षरं म्हणजे त्यांना नुसती नक्षी वाटायची. ती आली की चहाचं आधण ठेवायचं, एवढंच ठाऊक होतं. चाळिशी ओलांडल्यावर त्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या. आता त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि डोळा अडखळला. र आधी होता, त्याचं तोंड भलतीकडं. मग त. शेवटी म, पाठमोरा. मध्यांतर.

सुलेखाबाईंनी पदर तोंडावर दाबला. हसू काही केल्या आवरेना.

"आई?" अनघा आत आली. "काय झालं? रडतेयस का? चल, आत जाऊन पड जरा."

"बस इथं."

"आई, सगळे वाट बघतायत…"

"बस म्हणते ना."

अनघा फरशीवर बसली. पलीकडे कुशलनं मध्यांतराची पाटी पुढं पळवली. सिनेमा सुरू झाला. हॉटेलात हीरोनं डाव्या हातानं घास घेतला. अनघानं एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग पुन्हा चादरीकडे, बराच वेळ.

"तू इथून बघायचीस?"

"दोघी. तू हिथं झोळीत." त्यांनी शेजारची जागा दाखवली.

अनघानं पाय पसरले आणि पाठ फ्रिजला टेकवली.

"मम्मी! आजी! राँग साइड ला!" पलीकडून इरा ओरडली.

"असू दे गं," सुलेखाबाई म्हणाल्या.

पाठलाग पुन्हा सुरू झाला. धडधड फरशीतून वर आली. सुलेखाबाईंचा उजवा हात हवेत जरासा मागं-पुढं होऊ लागला, न दिसणारी दोरी ओढल्यासारखा.

"मंगळवारी जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला पण सांगते सगळं. मग माझं तिकीट काढ."

शिट्टीसारखा सूर चढत गेला, पार टोकाला पोहोचला. खांद्यावर अनघाचं डोकं झोपेनं जड झालं होतं. सुलेखाबाईंनी खांदा हलू दिला नाही, हात मात्र थांबवला नाही.