हिरवी फांदी

"फांदी हिरवी टाकायची. वाळकी रानात कुणी वाचत नाही."

हे बापूंचं वाक्य. बापू, म्हणजे माझे सासरे बापूराव, जाऊन बरीच वर्षं झाली, पण चपलेचा अंगठा तुटल्यासारखा किंचित चिडका तो आवाज अजून कानात आहे. ते कोकणातले. रानात चालायचं कसं ते त्यांनीच माझ्या नवऱ्याला, लोकेशला शिकवलं, आणि लग्नानंतर मला. वाट फुटली की पुढच्याने चुकीच्या वाटेवर आडवी फांदी टाकायची. मागून येणारा ती बघतो आणि दुसरीकडे वळतो. ताजी तोडलेली फांदी दिसली की कळतं, ही माणसाने टाकलीय. वाळकी काय, झाडंही टाकतात.

लोकेश आणि मी विहाराच्या युवक मंडळात एकत्र होतो, म्हणून मी त्याला नावानेच हाक मारते. बापूंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. पण रानात मी लोकेशच्या मागे चालले की म्हणायचे, इथे बरी मागे चालतेस.

आम्ही काही मोठे ट्रेकर नव्हे. आठवडाभर तो औषधांच्या गोदामात, मी शिवणाच्या मशीनवर. रविवारी पहाटे वंदना झाली की डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन निघायचं. कधी घोडबंदरच्या किल्ल्यावरून खाडी बघून परत, कधी चेण्याच्या मागच्या टेकड्या. वर पोचलं की मीरा रोडच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या दिसतात, वाळत घातलेल्या डब्यांसारख्या. त्यातल्या एका डब्यात आपलं अख्खं आयुष्य आहे, गॅसवर ठेवलेलं दूध आहे, शेजारणीशी धरलेला अबोला आहे, हे वरून खरं वाटत नाही. खाली उतरताना मी तो अबोला बऱ्याचदा वरच सोडून यायचे.

हळूहळू इमारतीतले चारपाच जण यायला लागले. दुसऱ्या विंगमधला साहिल आला. आणि स्वरूप आला, तो आमच्या इमारतीतला नव्हता. त्याची आई चंद्रावतीमावशी भाईंदर गावातून मासळी घेऊन आमच्या गेटपाशी बसते. तो एसी दुरुस्त करायचा. आमचा एसी उघडून बसला असताना भिंतीवरचे फोटो बघून म्हणाला, आम्ही पाण्यातली माणसं, डोंगर कधी चढलोच नाही, मला न्या की.

तो सगळ्यात मागे असायचा. बुटाची नाडी, नाहीतर एखाद्या किड्याचा फोटो. कुणी ओरडलं की म्हणायचा, "मी शेपूट. शेपटीला अक्कल लागत नाही, फांदी बघायची आणि वळायचं."

पहिल्यांदा तो आला तेव्हा चंद्रावतीमावशी गेटवर लोकेशला म्हणाली होती, एकच पोरगा हाय, जपून आणा. लोकेशने शब्द दिला होता की मागच्या माणसाला सोडून मी कधी उतरत नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तथागतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं, कारण या दिवसांत कोवळं गवत, किडामुंगी पायाखाली येते. मी दरवर्षी तीन महिन्यांसाठी काहीतरी व्रत धरते. मासळी बंद असतेच. त्यावरून मावशी मला चिडवायची, "बाय, तुमच्या बुद्धाचं माज्या पाटीशी काय वैर हाय?" या वर्षी मी लोकेशला म्हटलं, आपण चालायचं थांबवत नाही, तर निदान एवढं पाळू, या तीन महिन्यांत हिरवं तोडायचं नाही. पान नाही, फूल नाही. तो हो म्हणाला. विहारात भंतेजींसमोर आम्ही दोघांनी मिळून ते घेतलं.

श्रावणातल्या त्या रविवारी माझा गुडघा सुजला होता, म्हणून मी घरी राहिले. संध्याकाळी लोकेश आला तो पोलिसांच्या गाडीतून.

चेण्याच्या वरच्या अंगाला वाट फुटते. उजवी ओढ्याकडे उतरते. डावी थोडी पुढे जाऊन दगडाच्या जुन्या बंद खाणीच्या काठावर संपते, पण गवत इतकं वाढलेलं असतं की काठ दिसत नाही. स्वरूप डावीकडे गेला होता. खाली पाणी होतं, पण त्याआधी दगड होता.

पोलिसांनी लिहून घेतलं, पाय घसरला. ते खोटं नव्हतं. पण माणूस तिकडे गेलाच का, हा प्रश्न राहिला, आणि गेटवर, जिन्यात, मोबाइलच्या ग्रुपवर त्याचं उत्तर तयार झालं. पहिल्यांदा कोण बोललं माहीत नाही, पण साहिलच्या तोंडून मी ऐकलं. दारू टाकून आला असणार थोडी. कोळ्याचा पोरगा ना. साहिल तसा वाईट नाही. आपल्यावर केस होईल या भीतीने त्याची झोप उडाली होती, आणि मेलेल्या माणसावर काही टाकलं तर तो नाही म्हणत नाही.

लोकेशने चालायला जाणं सोडलं. रविवारी पांघरूण घेऊन पडून राहायचा. त्याचे बूट दाराशी तसेच होते, चिखल वाळून पांढरा पडलेला. मी ते धुतले नाहीत. कामाला जायचा, यायचा. पहाटे माझ्याबरोबर वंदनेलाही बसायचा, पण काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं. एकदा पंचशील म्हणताना मी माझाच आवाज बारीक केला आणि ऐकलं. पाणातिपाता तो म्हणाला. अदिन्नादाना म्हणाला. तिसरं म्हणाला. चौथ्याला गप्प. मग पाचवं, दारू न पिण्याचं, ते पुन्हा नीट, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मुसावादा वेरमणी, मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढी एकच ओळ माझ्या एकटीच्या आवाजात जात होती.

मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली.

मग चंद्रावतीमावशी आली. पाटी नव्हती, हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं. पाणी दिलं ते घेतलं नाही. लोकेशकडे बघून म्हणाली, "लोकेशभाऊ, माजा पोरगा पिऊन व्हता का? तेवडंच सांगा. व्हता तर व्हता. बाजारात बायका मला बघून आवाज बारीक करतात."

लोकेश म्हणाला, मी पुढे होतो मावशी, मला काय दिसणार.

मावशीने दोन्ही हात पदरात गुंडाळले. मग म्हणाली, मला ती जागा दाखवा. एकदा बघते, मग काय विचारनार न्हाय. लोकेश म्हणाला, नेतो. आत्ता गवत फार आहे, अश्विन पौर्णिमा होऊ दे, वर्षावास संपला की नेतो.

"तुमचा वर्षावास," मावशी उठता उठता म्हणाली. पूर्वी याच शब्दावर ती हसायची.

दार लावून मी तिथेच उभी राहिले आणि विचारलं, चौथं शील का म्हणत नाहीस?

त्याने नाकारलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "वाळकी टाकली."

मला लगेच कळलं, आणि कळू नये असंही वाटलं. फाट्यावर तो थांबला होता. कुड्याच्या झाडाची हिरवी फांदी हाताशी होती. बापूंचं वाक्य त्याला आठवलं होतं. त्याने फांदीला हात घातला, वाकवलीसुद्धा.

"मग?"

"मग व्रत आठवलं. सोडून दिली. खाली एक वाळकी पडली होती, ती आडवी ठेवली. बाकीचे मला बघत येत होते, ते वळले. तो मागे होता." पुढे म्हणाला, "मी परत गेलो तेव्हा ती तिथेच होती. तो तिच्यावरून पाय टाकून गेला होता. तिच्यासारख्या बाजूला दहा पडल्या होत्या."

व्रत मी सुचवलं होतं, हे तो बोलला नाही. एकदाही नाही. बोलला असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. व्रत कुणाचं वाईट करायला घेतलं नव्हतं. जीव दुखावू नये म्हणूनच तर घेतलं होतं. पण कुड्याची ती फांदी अजून झाडावर आहे, आणि चंद्रावतीच्या घरात ताट एक कमी मांडतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी बघत राहिले. भंतेजींना विचारावं असं वाटलं, पण ते समजूत घालतील हे माहीत होतं, आणि मला समजूत नको होती.

शनिवारी मी त्याला एवढंच म्हटलं, मावशीला पौर्णिमेपर्यंत थांबवू नकोस. जेवल्यावर त्याने तिला फोन केला. उद्या सकाळी चेण्याच्या नाक्यावर या, असं सांगितलं, आणि फोन खिशात न ठेवता हातातच धरून बसला.

आज पहाटे आम्ही वंदनेला बसलो. तिसरं शील झालं. चौथ्याला मी तोंड उघडलं, पण माझाच आवाज निघेना. त्याचा निघाला. "मुसावादा वेरमणी, सिक्खापदं समादियामि." घोगरा, पण पूर्ण. मी पाचव्यापासून परत त्याच्यात मिसळले.

मी भाकरी बांधली, दोघांपुरती. मी पण येते म्हटलं, तर तो म्हणाला, "तू नको. तिला माझ्याकडून ऐकायचंय. तिथून उतरल्यावर साहिललाही सांगतो, सगळ्यांना सांगतो. केस व्हायची तर होऊ दे."

दाराशी बसून त्याने बूट घातले. वाळलेला चिखल लादीवर पडला. नाडी बांधताना मान वर न करता म्हणाला, "त्या फाट्यावर फांदी टाकावी लागेल. अजून लोक जातात तिकडून."

वर्षावास संपायला अजून अवकाश होता.

"हिरवी टाक," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. लिफ्ट खाली होती, ती त्याने बोलावली नाही. जिन्याने उतरायला लागला, सावकाश, कठड्याला धरून, उतारावर बापू शिकवायचे तसा.