दोर तोडणारी कुऱ्हाड

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. मी एक जुनी कुऱ्हाड आहे आणि माझा स्वभाव काही गोड नाही. लोहाराने लाल तापवून घणाखाली ठोकलं, तेव्हाच ती गोडी संपली.

मासेमारीच्या बोटीवर माझं काम एकच. पाण्यात सुटलेल्या जाळ्याचा दोर कुणाला ओढू लागला, तर तो एका घावात तोडायचा. दुसऱ्या कशालाही मला लावायचं नाही, असा बोटीचा दंडकच होता. दादा बोट चालवायचा, त्याचा धाकटा भाऊ जाळं सांभाळायचा. दादा मला रोज धार लावायचा. काय तोरा होता माझा!

एका सकाळी बर्फ फोडायचा टोचा सापडेना. आळशी धाकट्याने मलाच उचललं आणि बर्फाच्या लादीवर दणादण घाव घातले. माझी धार पार गेली. तोंड असतं तर शिव्या घातल्या असत्या.

दुपारी समुद्र खवळला. जाळं सुटलं, दोर सुसाट धावला आणि त्याचा फास धाकट्याच्या मनगटाला बसला. तो काठावर आपटला, अर्धा बाहेर लोंबकळला. "दादा, तोड!"

दादाने मला दोरावर हाणलं. मी उसळून परत आले. पुन्हा हाणलं; चार धागे तुटले. धाकट्याच्या बरगड्या कडकड मोडल्या. मग दादाने नीट बघून तिसरा घाव मनगटावर घातला. हाड चेचून तुटलं. रक्त माझ्या दांड्यापर्यंत उडालं. दोर हात घेऊन गेला, भाऊ राहिला.

गावाने दादाला कसाई म्हटलं. धाकटा गप्प बसला. मी अडगळीत गंजले.

पुढे बंदरावर मासेमारीचं संग्रहालय झालं. मला सोनेरी रंग फासून टांगलं, खाली पाटी लावली: 'बर्फ फोडण्याची कुऱ्हाड'. दोघे म्हातारे भाऊ बघायला आले. पाटी वाचताच धाकट्याला रडू फुटलं.

"बर्फ मीच फोडला होता रे, दादा. लोक तुला बोलत होते आणि मी तोंड उघडलं नाही."

"माहीत होतं मला. पात्याच्या खाचा दिसल्या नसतील होय? हात गेलेल्या पोराला आणखी काय बोलायचं?"

त्याच दिवशी पाटी बदलली: 'दोर तोडणारी कुऱ्हाड'. धाकट्याने उरलेल्या हाताने दांडा धरला, दादाने रंग खरवडून मला धार लावली. मग दर आठवड्याला दोघे यायचे.

आता दादा नाही. धाकटा अजून येतो, दांडा घट्ट धरतो आणि बसून राहतो. एका हाताने धार लावता येत नाही. मित्रांनो, धार लावायचा दगड त्या खिडकीत आहे. कुणीतरी उचला ना.