एका खोलीचं माप

बाईंनी चिकटपट्टीनं जोडलेला, पलंगाच्या मापाचा वर्तमानपत्रांचा लांबलचक कागद नव्या घराच्या फरशीवर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पायातली चप्पल काढून ठेवली.

"हा तुमचा पलंग," त्या नवऱ्याला, बेकरीवाल्यांना, म्हणाल्या. मग दुसरा तसाच कागद खिडकीखाली अंथरला. "हा माझा."

लेकीनं खोलीचं दार उघडून पाहिलं. ते पहिल्या कागदाच्या निम्म्यापर्यंत आलं.

"आई, असं ठेवलं तर बाबांना खिडकीतून आत यावं लागेल."

कागद फिरवून झाले, आडवे करून झाले. शेवटी दार उघडू लागलं, पण कपाटाला जागा उरेना.

"कपाट हॉलमध्ये ठेवू," लेक म्हणाली.

"आणि आल्यागेल्यांना काय दाखवू? तुझ्या बाबांचे बनियन?"

बेकरीवाले इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "कपाट आत राहू दे. मी झोपेन बाहेर. मला काय, भट्टीसमोर पिठाच्या पोत्यांवरही झोप लागायची."

बाई खाली वाकून कागदाची घडी घालू लागल्या. शाळेत चाळीस पोरांना शिस्तीत बसवणाऱ्या बाईंना ती घडी काही केल्या सरळ जमेना.

जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. हल्ली बेकरीवाले प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचत असल्याचं दाखवून दम खायचे. उभा जन्म पिठात काढलेल्या माणसाची छाती, ती तरी किती साथ देणार? लेकीनं दोन गल्ल्या पलीकडे हे तळमजल्यावरचं छोटं घर शोधलं, तेव्हा बाईंनी एका शब्दानंही वाद घातला नाही. पातेली, खुर्च्या, परीक्षेचे जुने पेपर, सगळं भराभर वाटून टाकलं. अडलं ते इथंच.

दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या, त्यामागे भांडण नव्हतं. लेक जन्मली तेव्हा बेकरीवाल्यांना मध्यरात्रीनंतर भट्टी पेटवायला जावं लागे. पोरीच्या रडण्यानं त्यांची झोप मोडायला नको, म्हणून बाईंनीच त्यांचा पलंग पलीकडच्या खोलीत हलवला. लेक मोठी झाली, सासरी गेली, बेकरीही सुटली. पलंग मात्र कुणी परत आणला नाही. कुणी विषय काढायचा, हेच राहून गेलं.

आठवड्याभरानं जुन्या फर्निचरचा दुकानदार दोन माणसं घेऊन जुन्या घरी आला. सोफा खाली गेला, जेवणाचं टेबल गेलं.

"पलंग कुठला न्यायचा?" त्यानं विचारलं.

"तो, पलीकडचा," बेकरीवाले म्हणाले. "तिचा राहू दे. मला हॉलमध्ये गादी पुरे."

"माझा न्या," बाई त्याच क्षणी म्हणाल्या. "यांना खाली गादीवरून उठवत नाही."

दुकानदार एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागला. "तुमचं ठरू दे सावकाश. आम्ही तोवर बाकीचं सामान नेतो," असं म्हणून तो शहाणा माणूस बाहेर गेला. लेकही त्याला जिन्यातलं वळण दाखवायच्या निमित्तानं त्याच्या मागोमाग सटकली.

बाई स्वतःच्या पलंगावर बसल्या. बेकरीवाले दारातच थांबले. त्या खोलीत शिरताना ते अजूनही दारात थांबत, पाहुण्यासारखे.

"तुला पुस्तक वाचत पडायची सवय," ते म्हणाले. "मध्येच दिवा लावतेस. आणि मी घोरतो."

"माहीत आहे. भिंत काय एवढी जाड आहे?"

"मग? उगाच तुझ्या झोपेचं खोबरं कशाला?"

"तुम्ही घोरत असता तेव्हा लागते मला झोप," बाई म्हणाल्या. चादरीवरची नसलेली सुरकुती त्या हातानं सारखी करत होत्या. "थांबलात की लागत नाही. मग उठून येते तुमच्या दारापर्यंत. छाती हलते की नाही, बघते. तुम्ही कूस बदललीत की परत जाते."

बेकरीवाल्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"मी मुद्दामच बदलतो कूस," ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं.

"तुझी पावलं कळतात मला. वाटायचं, पाणी प्यायला उठली असशील. मी जागा आहे हे कळलं, तर उगाच काळजी करत बसशील. म्हणून झोपेतच असल्यासारखं करायचो."

"रोज?"

"जाग असली की."

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. जिन्यात पावलं वाजली तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय ठरलं मग, बाई?" दुकानदारानं दारातून विचारलं.

"दोन्ही न्या."

लेक मागे उभी होती. तिनं तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

त्याच संध्याकाळी तिघं पलंगांच्या दुकानात गेली. तिथला विक्रेता उत्साही होता. त्यानं त्यांना एका रुंद पलंगापाशी नेलं, गादी दाबून दाखवली, दोघांना त्यावर बसवलं. बेकरीवाले एका कडेला बसले, बाई दुसऱ्या. मध्ये आणखी दोन माणसं सहज मावली असती.

"बाजूला छोटं टेबल देतो, पाणी, औषधं ठेवायला," विक्रेता म्हणाला. "बाई वाचतात म्हणता, तर दिवाही तिकडेच लावू. तुम्ही कुठल्या अंगाला झोपता?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बेकरीवाल्यांनी गादीकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं कुठंतरी असणार.

"नेहमीची बाजू कुठली?" विक्रेत्यानं आणखी सोपं करून विचारलं.

लेक पटकन वळून उशा पाहू लागली.

"अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

बेकरीवाल्यांनी वाकून चपला काढल्या, त्या नीट जोडून बाजूला ठेवल्या आणि हळूच बाईंच्या दिशेनं थोडे सरकले.