दोन हातांचा चाकू

कोंडाजीचं आणि वॉचमनचं सकाळी सहाला जुंपलं, आणि मी चपला घालून खाली पोचेपर्यंत अर्धी विंग गॅलरीत येऊन उभी होती. कोंडाजी माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे बहात्तरचा. अंगात बंडी, कमरेला दोरीनं बांधलेली लाकडी आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता. मिसरूड फुटल्यापासून त्यानं हा वेष बदललेला नाही. आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई लिफ्टमध्ये शिरल्या, त्यांना समोर कोयता दिसला आणि त्या किंचाळत बाहेर पळाल्या. संध्याकाळपर्यंत कोंडाजीच्या पाठीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. सकाळी गेटवर हुकूम आला की हत्यार घेऊन जायचं नाही आणि यायचंही नाही.

आता गंमत बघा. ती लिफ्ट जिथं वरखाली करते, तिथं आमची भातखाचरं होती. शिरगावच्या अंगाची ती सगळी जमीन बिल्डरनं घेतली आणि आम्हाला फ्लॅट दिले. कोंडाजी हेच वॉचमनला समजावत होता. वॉचमन बिचारा गोरखपूरचा, महिन्याभरापूर्वी आलेला. तो मान डोलवत होता, पण गेट काही उघडत नव्हता.

आमच्या सगळ्या जमिनीतली ओहोळाच्या कडेची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. दोन्ही बाजूंनी बिल्डरांची काटेरी तार, आत जायला मधून एक बोळ. तिथं ताडपत्रीच्या छपराखाली कोंडाजीची म्हैस, चांदी. घरी हा माणूस सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखा टेकायचा. पंखा कुठल्या बटणाचा हे त्याला चार वर्षांत कळलं नव्हतं. पट्टीवर गेला की मात्र तो माणसात यायचा. कोयता तिथंच का ठेवत नाही, असं कोणीही विचारील. छपराला दार नाही. दोन विळे आणि एक घमेलं तिथून कोणी कोणी उचलून नेलं होतं.

त्याचा मुलगा संतोष अंबरनाथला कारखान्यात आहे. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. तो चिडून बोलला नाही, पण त्यानं निकाल दिला. कोयता बंद. खिशात मावेल असा घडीचा चाकू आणून देतो, सोसायटीलाही तो चालेल. आठ दिवस वापरून बघा. जमलं तर रोज जा, आणि नाही जमलं तर म्हैस विकायची.

"चाकूनं मी काय करू, दात कोरू?" कोंडाजी म्हणाला. "तेबी चारच उरलेत, मागचे."

चाकू निवडायला संतोषनं मला बरोबर घेतलं, कारण मी कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माल पास करणं आणि नापास करणं एवढंच आयुष्यभर केलं, आणि त्याचा मला जरा तोराही होता. उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी दुकानदारानं काचेवर दोन चायनाचे चाकू ठेवले. पहिल्याच्या पात्याला बारीक खुंटी होती. अंगठ्यानं ढकललं की एका हातानं खाटकन उघडायचा. संतोषला तो आवडला. मी नको म्हटलं. म्हाताऱ्याच्या खिशात तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी, त्यात कधी आपोआप उघडला तर मांडीत घुसायचा. दुसऱ्याच्या पात्याला नखापुरती खाच होती. एका हातात मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या नखानं जोर लावावा लागायचा.

"साईं, ये जेब में कभी नहीं खुलेगा," दुकानदार म्हणाला.

हे मला पटलं. मी वर्तमानपत्राची पट्टी कापून धार बघितली. पातं हलवून बघितलं, कुठं ढिलं नव्हतं. उघडं पातं धरून ठेवणारा खटका दहा वेळा लावला आणि सोडवला. मूठ ओली करून घसरते का तेही पाहिलं. मग संतोषला म्हटलं, डोळे झाकून घे.

कोंडाजीनं चाकूची परीक्षा त्याच्या पद्धतीनं घेतली. रोज संध्याकाळी बाकावर बसून तो मला अहवाल द्यायचा, आणि मी सर्टिफिकेट मिळाल्यासारखा ऐकायचो. कडुलिंबाचं दातण झकास कापलं. पेंढ्याचा बंद एका ओढीत तुटला. गवत मात्र मूठमूठ धरून कापावं लागतं, कोयत्याचं तासाभराचं काम दुपारपर्यंत चालतं आणि कंबर मोडते. खाचेत चिखल बसतो, तो काडीनं काढावा लागतो. मी त्याला पातं पुसून खोबरेल लावायला सांगितलं, तर त्यानं मुकाट्यानं लावलं. पाचव्या दिवशी तो म्हणाला की धार अजून जशीच्या तशी आहे. कोंडाजीच्या तोंडून चायनाच्या मालाचं कौतुक ऐकून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सहाव्या दिवशी तो बाकावर आलाच नाही. सरळ माझ्या दाराशी आला आणि आत येऊन दार लावून घेतलं. डाव्या हातावर टॉवेल होता. टॉवेल काढला तर मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं, आणि त्यावर दोरीचा वळ हाडापर्यंत गेल्यासारखा.

झालं होतं असं. आश्विनातलं ऊन होतं. चिखलाला वरून खपली धरलेली, खाली पाय रुतत होता. चांदीला पाण्यावर नेताना त्यानं नेहमीच्या सवयीनं दावं मनगटाला गुंडाळलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या साइटवरचं खांब ठोकायचं मशीन सुरू झालं. चांदी बिथरली आणि कुंपणाच्या लोखंडी खांबाला वळसा घालून पळाली. दावं खांबाला आवळलं आणि त्यात कोंडाजीचा हात. तिकडं म्हैस ओढतेय, इकडं पाय रुतलेत. तो ओरडला. तारेपलीकडं हाकेच्या अंतरावर माणसं काम करत होती, पण मशीनच्या दणक्यात कोणाला काय ऐकू जाणार?

उजव्या हातानं त्यानं चाकू काढला. खिशात कधीही न उघडणारा चाकू आता हातातही उघडेना. मांडीत दाबून बघितला, घसरला. दातात धरायला पुढचे दात नाहीत, आणि बसवलेली कवळी घरी पेल्यात. बोटं काळी पडायला लागली. त्याला वाटलं की आता हात जाणार, नाहीतर म्हैस जोर लावून आपल्यालाच फरफटत नेणार.

"मंग रं?" मी विचारलं.

"मंग तारेचा काटा दिसला," तो म्हणाला. "खाच त्या काट्याला अडकवली नि ओढली. दोनदा सटाकला. तिसऱ्या वक्ताला उघाडला. दावं असं तुटलं बघ, लोण्यावानी. पातं झ्याक हाय तुजं, भगवान. पन उघडाया दुसरा हात मी कुठून आनू?"

एकतीस वर्षं मी माल टेबलावर ठेवून, दिव्याखाली, दोन्ही हात मोकळे असताना तपासला. एका हाताचा चाकू माझ्यासमोर काचेवर होता आणि तो मीच नापास केला होता. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडं चल, मग संतोषला सांगू, उद्या चाकू बदलून आणू. कोंडाजीनं टॉवेल पुन्हा गुंडाळला.

"त्याला कळ्ळं तर चाकू नाय बदलनार, म्हैस इकनार," तो म्हणाला. "मना त्या सोफ्यावर बसवनार, मरंस्तोवर. तू काय बोलू नको."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगावं तर तो कोंडला जाणार, आणि न सांगावं तर एखाद्या दिवशी तो तारेलाच अडकलेला मिळणार. मी हळद-चुना गरम करून लेप लावला आणि गप्प राहिलो.

आठव्या दिवशी संध्याकाळी संतोषनं मला चहाला बोलावलं. कोंडाजी सोफ्याच्या कडेवर, डावा हात टॉवेलखाली. संतोषनं विचारलं, "बाबा, कसा काय चाकू?"

"चांगला हाय," कोंडाजी म्हणाला. "कोयत्याची काय गरज नाय आता."

संतोषचा चेहरा एवढा खुलला की मला बघवेना. पोरगा वाईट नाही हो, त्यालाही त्याची सोसायटी आणि त्याची पाळी सांभाळायची आहे. त्यानं लगेच कोयता आणि आकडी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. कोंडाजी ते वर जाताना बघत होता. तेवढ्यात सूनबाई, कीर्ती, पट्टीवरचीच एक गावठी काकडी घेऊन आली. हसत म्हणाली, "बाबा, तुमच्या चाकूनं कापा की. बघू तरी."

कोंडाजीनं खिशातून चाकू काढला. उजव्या मुठीत धरला आणि तसाच धरून राहिला. टॉवेलखालचा हात हलला नाही. कीर्ती ताटली पुढं करून उभी, संतोष कौतुकानं बघतोय. शेवटी कोंडाजीनं चाकू टीपॉयवर ठेवून माझ्याकडं सरकवला.

"भगवान, तू उघड. निवडलास तू."

मी उघडला. नख मोडेपर्यंत जोर लावावा लागला. काकडीच्या फोडी पातळ, एकसारख्या पडल्या. कीर्तीनं मीठ-मिरची लावून दिली, आणि सगळ्यांनी चाकूची वाहवा केली. कोंडाजीनंही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कारखान्याचे जुने बूट घालून गेटवर उभा राहिलो. कोंडाजी आला. वॉचमननं चाकू मिटलेला आहे ना ते बघितलं आणि परत दिला.

"तू कुठं?" कोंडाजीनं विचारलं.

"तुझ्याबरोबर. दोन हात लागतात ना त्याला."

तो माझ्या हातांकडं बघत राहिला. सत्तर वर्षांचे हात, त्यांतला एक सकाळचा थरथरतो.

"तुज्यात हाय का जोर?"

"उघडण्यापुरता हाय."

त्यानं चाकू माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि चालू लागला. दोन तारांमधल्या त्या बोळात दोन माणसं शेजारी मावत नाहीत, म्हणून मी त्याच्या मागून गेलो.