कांदा न बघितलेला चाकू

"हात धुतलेस का?"

रेणुकादासांनी हे विचारलं तेव्हा लिंबाजी लोहाराचे हात कोपरापर्यंत काळे होते. भट्टीपुढे बसलेल्या माणसाचे हात दुसरे कसले असणार? एवढं कळायला प्राध्यापक असावं लागत नाही. पण रेणुकादास प्राध्यापक होते. तीस वर्षं पोरांना धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि विष्णुपुरीला बंगला बांधून राहिलेले. आज मुलीला गाडी चालवायला लावून ते नायगावला आले होते, बसस्टँडामागच्या ह्या पत्र्याच्या शेडात. त्यांच्या मते ही लिंबाजीवर मेहेरबानीच होती.

"धुतो की," लिंबाजी म्हणाला. त्यानं रांजणातलं पाणी घेतलं, साबणाच्या चिपेनं हात खसाखसा धुतले आणि पायजम्याला पुसले. पायजमा बघून रेणुकादासांनी डोळे मिटून घेतले.

त्यांच्या मांडीवर सागवानी पेटी होती. झाकण उघडलं तशी आत निळी मखमल, मखमलीत खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक घडीचा चाकू झोपलेला. साठाच्या वर असतील. ही पेटी दाखवल्याशिवाय ह्या माणसाला घोटभर पाणी उतरत नसे. इंग्लंडचा, फ्रान्सचा, हस्तिदंती मुठीचा, शिंपल्याच्या मुठीचा असं एकेक सांगून झालं. एका पात्यावर लाटालाटांची नक्षी होती. ती दाखवताना त्यांनी आवाज खाली आणला.

"दमास्कस. तुम्ही लोकांनी नाव तरी ऐकलंय का?"

लिंबाजीनं ऐकलं होतं. पोलादाचे थर एकावर एक ठोकून ती नक्षी आतून यावी लागते. ही वरून तेजाबानं काढलेली होती, छापील काठाच्या लुगड्यासारखी. पण सांगतो कोण! तो बघत होता धारांकडे. साठांतल्या एकाही धारेवर काही कापल्याची खूण नव्हती.

"ह्यातला वापरायचा कोणता, साहेब?"

"वापरायचे नसतात हे."

"मंग खिशात?"

"खिशात रोज एक असतो. सोमवारचा वेगळा, मंगळवारचा वेगळा."

"कशाला?"

"असायला," रेणुकादास म्हणाले आणि अडाण्याशी काय बोलायचं, अशा नजरेनं त्यांनी मुलीकडे पाहिलं. मालविका लिंबाखाली खुर्चीवर बसून फोन बघत होती.

लिंबाजीनं मान खाली घालून हसू गिळलं. साठ चाकू, आणि एकानंही कांदा बघितलेला नाही! असली जमात हल्ली वाढली होती. दर रविवारी नांदेडहून, लातूरहून कुणी ना कुणी यायचा, खिशातून चाकू काढून बोटांवर खेळवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. पेरू मात्र दातांनी तोडून खायचा. त्यांच्यापेक्षा त्याला अहमदपूरच्या बाजारात भेटणारे म्हातारे शेतकरी बरे वाटत. त्यांच्या चाकूची मूठ सुतळीनं बांधलेली असे, पण पातं काम केलेलं असे.

त्या म्हाताऱ्यांना तो भेटायचा त्याला कारण होतं. त्याचा बाप, बजरंग, ह्याच भट्टीवर घडीचे चाकू करायचा. आयुष्यात त्यानं शेकड्यांनी केले असतील. लोकांनी त्या चाकूंनी ऊस सोलले, दोर कापले, सुपारी कातरली, मोसंबीच्या कलमाचे डोळे भरले. रोज दगडावर घासून घासून पाती सुतासारखी झाली आणि भंगारात गेली. बजरंगच्या स्वतःच्या खिशातला चाकू म्हातारपणी बाजारात कुठंतरी पडला. बाप गेला तेव्हा घरात त्याच्या हातचं काही म्हणून उरलं नव्हतं. वीस वर्षं झाली, लिंबाजी जुना चाकू दिसला की उघडून बघायचा. एक, फक्त एक मिळावा एवढीच त्याची इच्छा होती. सिंधुनं, त्याच्या बायकोनं, नाद सोडा म्हणून सांगून बघितलं होतं. तो सुटला नव्हता.

"हा बघ," रेणुकादास म्हणाले. पेटीच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठ्या खाचेतला चाकू त्यांनी उचलला. "जर्मन. माझ्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी हैदराबादला घेतला होता. मूठ आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या शिंगाची. कमान तुटलीय. नांदेडात कुणी हात लावायला तयार नाही. धर."

"हातात नका देऊ, साहेब. खाली ठिवा. चाकू हातोहात घेतला की भांडण व्हतंय."

"काय एकेक खुळं!" म्हणत त्यांनी चाकू त्याच्या तळहातावर आपटलाच.

लिंबाजीनं तो ऐरणीवर घेतला. पात्यावर परदेशी अक्षरं होती. शिंग म्हशीचंच होतं, पण आफ्रिकेपर्यंत जायची गरज त्याला वाटली नाही. पातं खिळीत घट्ट होतं, पण उघडल्यावर जागेवर टिकत नव्हतं, कारण त्याला पाठीतून दाबून धरणारी पट्टी, म्हणजे कमान, दुभंगली होती. ती बदलायची तर रिव्हेट ठोकून मूठ उकलायला हवी.

"कशाची करणार कमान?"

"जीपच्या कमानपाट्याची. तापवून करडईच्या तेलात सोडायची."

"करडईच्या? भजी तळायचीत का?" रेणुकादास खो खो हसले. "मालविका, ऐकलंस? जर्मन चाकूला करडईची फोडणी!"

मालविकानं फोनमधून डोकं वर काढलं नाही. लिंबाजीनं सुंभ्याचं बोथट टोक लावून हातोडीनं पहिला रिव्हेट बाहेर काढला, मग दुसरा, मग तिसरा. शिंगाची एक बाजू अलगद सुटली. खाली पितळी पत्रा होता, साठ वर्षांच्या मळानं हिरवट झालेला. त्याच्या कोपऱ्यात छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा होत्या, वरून एकत्र आणि खाली फाकलेल्या. मोराचा पाय.

लिंबाजीच्या हातातली हातोडी खाली गेली.

बजरंगला लिहिता येत नव्हतं. हैदराबादला माल धाडणारा नांदेडचा व्यापारी त्याला परदेशी अक्षरांचा शिक्का देऊन म्हणायचा, तुझ्या नावाचा चाकू कोण घेईल रे? बजरंग मुकाट्यानं वर तो शिक्का मारायचा आणि आत मूठ बंद करण्याआधी हा मोराचा पाय. "वर त्येंचं नाव, आत माझं," असं म्हणायचा. हे पोटच्या पोराशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

वीस वर्षं गावोगाव शोधलं, आणि सापडला तो मखमलीत! आता गप्प बसावं, कमान घालून परत द्यावा? का विकत मागावा? हा माणूस विकायचा नाही, जर्मन म्हणून तर मुळीच नाही. आणि बापाचं काम जर्मनाच्या नावावर मिरवत राहील, ते वेगळंच. त्याच्यानं राहवेना.

"साहेब, हा जर्मन न्हाई."

"काय?"

"नायगावचा हाय. ह्याच भट्टीवरचा. माझ्या बापानं केलाय."

रेणुकादास आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की माणूस चेष्टा करत नाही. तेव्हा ते जास्तच हसले. "अरे, ह्याच्यावर मी लेख लिहिलाय. हैदराबादला जाणकारांपुढे तासभर बोललोय. आणि तू सांगतोस, तुझ्या बापानं? विळे ठोकणाऱ्यानं?"

"विळेबी ठोकायचा. ही बघा त्याची खूण."

रेणुकादासांनी खिशातून भिंग काढलं. बघितलं. भिंग खाली करून म्हणाले, "ही तू आत्ता मारलीस."

"मी?"

"मी इकडे बोलत बसलो आणि तू संधी साधलीस. माल आपला आहे म्हणायचं आणि हडपायचं. तुम्हा लोकांचं हे असंच!"

लिंबाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. साठ वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. हातात हातोडी होती, ती त्यानं मुद्दाम लांब ठेवली.

मालविका उठून आली. तिनं भिंग घेतलं आणि पत्र्यावर वाकली. "बाबा, रेघांच्या आत हिरवा गंज भरलाय, कळक. पितळाला घटकाभरात कळक चढतो का?"

धातुशास्त्र कुणी कुणाला शिकवायचं! रेणुकादासांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि बराच वेळ लावून ठेवलं. कळक एवढ्यात चढत नाही, हे ते तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. शिंगही आता त्यांना नीट दिसलं असावं.

"फसवलं," ते म्हणाले. "वडिलांना त्या दुकानदारानं फसवलं."

"फसवलं कुठं, साहेब? चाकू चांगला हाय. पातं बघा, साठ वर्सांत हाललं न्हाई."

"चांगला असून काय करायचंय? जर्मन नाही ना!"

चाकू तोच, पातं तेच, वजन तेच, आणि ह्या माणसाच्या डोळ्यांतून तो घटकेत उतरला. लिंबाजीला हसू यायला लागलं. आयुष्यभर धातूच्या परीक्षा घेतल्या आणि शेवटी ह्याला वाचता आला तो फक्त शिक्का!

"माझ्या पेटीत गावठी माल बसत नाही." रेणुकादासांनी तो उकललेला चाकू ऐरणीवरून उचलला आणि राखेत टाकला. "घाल भंगारात." पेटीचं झाकण लावून ते गाडीकडे निघाले. मधली मोठी खाच रिकामीच होती.

मालविका गाडीत बसली, पुन्हा उतरली आणि मागे आली. तिच्या हातात त्या चाकूची मखमली पिशवी होती.

"काका, हीपण ठेवा. बाबांचं मनावर घेऊ नका."

"न्हाई ताई. त्येंचं डोकं असं नसतं, तर हा मला मिळाला असता का?"

गाडी गेल्यावर लिंबाजी राखेपुढे उकिडवा बसला. चाकू उचलायच्या आधी रांजणाकडे गेला आणि त्यानं पुन्हा हात धुतले, ह्या वेळी कुणी न सांगता. त्या दुपारी कुणाचं कुलूप आलं, कुणाची खुरपी आली, सगळ्यांना त्यानं उद्या या म्हटलं. पाट्याचा तुकडा कानशीनं घासला, लाल केला, करडईच्या तेलात सोडला. मग पुन्हा मंद आचेवर धरून निळा रंग चढेपर्यंत बघत राहिला. कमान बसवली. मूठ बंद करताना बापाच्या मोराच्या पायावर त्यानं एकदा अंगठा फिरवला. नवे रिव्हेट ठोकले. पातं उघडलं आणि मिटलं.

खट्ट.

आत चुलीपाशी सिंधुचा हात थांबला. ती ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा सासरा ओट्यावर बसून दिवसभर हाच आवाज करत असे. ती दारात आली.

"मामंजीचा?"

"हाव."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

इथंवर सगळं ठीक होतं. पण माणसाची जात वाईट. चाकू मखमली पिशवीत गेला, पिशवी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेली. लिंबाजी रोज सकाळी पिशवी काढायचा, पातं तेलाच्या फडक्यानं पुसायचा, दोनदा खटका वाजवायचा आणि परत ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा, पण लांबून. गल्लीतल्या म्हाताऱ्या लिंगायतानं, गुरुबसप्पानं, बजरंगचा चाकू म्हणून प्रेमानं हात पुढे केला, तर लिंबाजीनं पिशवीची दोरी ओढली. "हातानं डाग पडत्यात," म्हणाला. गुरुबसप्पानं हात मागे घेतला.

आठव्या दिवशी दुपारी सिंधुनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. विळीचं पातं पाटातून निखळलं होतं. लोहाराच्या घरची विळी अशीच असायची. तिनं कांदा पुढ्यात ओढला.

"तेवढा चाकू द्या हिकडं."

"कोणता?"

"मामंजीचा. घरात दुसरा कोणता हाय?"

"तो न्हाई. बुक्कीनं फोड कांदा."

"आठ दिस झाले, नुस्तं पुसून राहिले. मामंजींनी पुसायला केलता का?" असं म्हणत ती उठली आणि पिठाचा हात तसाच कोनाड्याकडे नेला.

"हात धुतलेस का?" लिंबाजी ओरडला.

सिंधु थबकली. लिंबाजीही थबकला. हे आपण बोललो? शब्द तेच, नाक वर करून बोललेले, फक्त बंगला आणि पेटी तेवढी नव्हती. आठ दिवस ज्याच्या नावानं हसत होतो, तो साहेब आपल्याच तोंडात येऊन बसलाय, हे त्याला लख्ख कळलं आणि शरमेनं त्याचे कान तापले. बापाच्या चाकूला साठ वर्षं कुणी कांदा दाखवला नाही, म्हणून तो उरला. जे कामाला आले ते सगळे झिजून गेले. म्हणजे उरायचं असेल तर असं मखमलीत, आणि जगायचं असेल तर झिजायचं. बाप असता तर काय म्हणाला असता, हे विचारायची गरज नव्हती.

त्यानं पिशवी काढली. चाकू बाहेर घेतला, उघडला आणि सिंधुपुढे जमिनीवर ठेवला.

"घे. जपून, लई धार हाय."

सिंधुनं पिठाच्याच हातानं तो उचलला. कांदा एका झटक्यात दुभंगला, आवाजसुद्धा न होता. तिनं भुवया उंचावल्या आणि दुसरा कांदा ओढला. लिंबाजी भाकरी खाता खाता पात्याकडे बघत होता. जुन्या पोलादाला कांद्याचं पाणी लागलं की डाग पडतो. जेवण होईपर्यंत पात्याच्या मधोमध निळसर काळा पट्टा उठला होता. तो आता कितीही घासला तरी जायचा नव्हता.

तेलाचं फडकं जवळच होतं. त्यानं ते घेतलं नाही. चाकू जुन्या धोतराच्या चिंधीला पुसून मिटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकून तो भट्टीकडे गेला. संध्याकाळी त्यानं त्याच चाकूनं गुरुबसप्पाला पेरू कापून दिला. आणखी वीस-पंचवीस वर्षांत हाही सुतासारखा होईल आणि बाकीचे गेले तिकडेच जाईल.

मखमली पिशवीत सिंधुनं सुपारी भरून ठेवली.