पंधरा मिनिटं पुढे

मी घड्याळ बोलतोय. दचकलात? दचकू नका, या घरात दचकायचं काम माझ्याकडे आहे. दर तासाला माझ्याच पोटातून टोले सुरू झाले की पहिल्या टोल्याला मीच दचकतो, आणि दुपारी बारा वाजता तर माझी पार दैना होते. असल्या भित्र्या जिवाला इतक्या उंचावर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगायचं कोणाला सुचलं, देव जाणे.

पण आज बोलायलाच हवं. बावीस वर्षं मी मनात एक गोष्ट दाबून ठेवली आहे. या भिंतीवर मी आयुष्यभर खोटं बोलत आलो आणि कोणाचं काही बिघडलं नाही. एकाच दिवशी खरं बोललो, आणि घरातल्या पोरीचं आयुष्य उधळलं.

माझा जन्म एका कारखान्यातला. लाकडी पेटी, काचेचं दार, पितळी लंबक. अप्पांच्या लग्नाच्या वर्षी मी या घरात आलो. अप्पा गावाच्या पाणीपुरवठ्यात होते. पहाटे उठून टाकीवर जायचं आणि सहाच्या ठोक्याला गावाचं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना एकदा पंधरा मिनिटं उशीर झाला. सगळं गाव बादल्या घेऊन कोरड्या नळांपुढे उभं, आणि अप्पांच्या नावाने शिमगा! "आमचे अप्पा झोपले, म्हणून नळही झोपले," हा टोमणा त्यांना पुढे कित्येक वर्षं ऐकावा लागला.

त्या दिवशी घरी येऊन ते स्टुलावर चढले, माझं दार उघडलं आणि मला पंधरा मिनिटं पुढे केलं. तेव्हापासून हाच नेम.

गंमत अशी, की हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आठ दाखवले की आई म्हणायची, "अजून पावणेआठच झालेत, सावकाश आवरा." अप्पांची लेक बबी तर बेरीज शिकायच्या आधी पंधरा वजा करायला शिकली. माणसं स्वतःला फसवतात आणि फसवलंय हेही लक्षात ठेवतात. मग फसवून मिळवलं काय, हे मला अजून उमगलेलं नाही. फसायचे ते फक्त पाहुणे. एक मामा तर अर्धा चहा टाकून गाडी गाठायला पळाले होते, चपला हातात घेऊन.

मी बिघडलो की मला घड्याळजींच्या दुकानात नेत. त्यांचा एक हट्ट होता.

"अहो, पंधरा पुढे लावून द्या म्हटलं होतं ना?" अप्पा दर वेळी म्हणायचे.

"ते घरी जाऊन करा. माझ्या दुकानातून चुकीची वेळ बाहेर जात नाही."

मग मी बरोबर वेळ घेऊन घरी यायचो, अप्पा दुपारी जेवायला आले की आधी स्टूल ओढायचे, मला पुढे करायचे आणि मगच हात धुवायचे. यात कधी खंड पडला नाही.

घड्याळजींना एक मुलगा होता. उंच, हडकुळा, चालताना लंबकासारखा डुलायचा, म्हणून सगळं गाव त्याला लंब्या म्हणायचं. मला पोचवायला तोच यायचा. भिंतीवर टांगायला त्याला स्टूल लागत नसे. बबी खालून म्हणायची, "जरा डावीकडे." तो सरकवायचा. "आता उजवीकडे." पुन्हा सरकवायचा. मी मुळात सरळच असायचो हो!

बबी कॉलेजात जायला लागली, त्या वर्षी मी सात वेळा आजारी पडलो. खरं सांगू? मला काही झालेलं नसायचं. आई बाहेर गेली की बबी माझ्या चक्रात कापसाचा बोळा सारायची. लंब्या दुकानात तो बोळा काढायचा आणि जपून ठेवायचा. परत येताना माझ्या पोटात, लंबकामागे, एक चिठ्ठी असायची. मी त्यांची टपालपेटी होतो. भीती वाटायची, पण मिरवावंसंही वाटायचं.

मग लंब्याने रीतसर विचारलं. अप्पा कडाडले, "लोकांच्या मनगटाचा घाम पुसणारा पोरगा! माझी मुलगी त्याला देऊ?" आई मध्ये पडली, तर तिलाही गप्प केलं. बबी दोन दिवस जेवली नाही.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी लंब्या मला टांगून गेला. बबी कॉलेजात होती. दुपारी अप्पा आले, स्टूल ओढलं, दार उघडलं आणि त्यांना लंबकामागचा कागद दिसला. त्यांनी तो वाचला. तो मीही वाचलेला होता. 'घड्याळांच्या कारखान्यात काम लागलं. आज संध्याकाळी सहाच्या गाडीने निघतोय. येणार असशील तर फाट्यावर ये, कारखान्याच्या गावी पोचताच लग्न करू. आली नाहीस तर तुला घर मोडवत नाही असं समजेन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.'

मला वाटलं, आता कागदाचे तुकडे होणार. अप्पांनी तसं केलं नाही. दुसऱ्याचं पत्र दडवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी त्याच घडीवर कागद दुमडला आणि होता तिथे ठेवला. मग त्यांचा हात माझ्या मिनिटकाट्याकडे आला. बोट लागलं. मी सवयीने पुढे सरकायच्या तयारीत होतो.

हात थांबला. माझ्याकडे बघत ते किती वेळ उभे होते, ते मला सांगता येणार नाही, आणि मी घड्याळ आहे! मग ते खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं आणि हात धुवायला गेले.

मी बरोबर वेळ दाखवत राहिलो.

संध्याकाळी बबी कापडी पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. चिठ्ठी तिला मिळाली होती. फाटा चालत दहा मिनिटांवर. ती माझ्याकडे बघत होती, मी सहा दाखवायची वाट बघत होती. तिच्या हिशेबाने तेव्हा पावणेसहा होणार होते. मी ओरडणार कसा? माझ्याकडे फक्त टोले. सहा वाजले तेव्हा जीव तोडून सहा टोले दिले. ऐक गं, हे खरे सहा आहेत! तिने ते ऐकले आणि पंधरा वजा केले.

अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. "कुठे?"

"मैत्रिणीकडे."

त्यांनी एकदा वर, माझ्याकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले.

ती गेली, तसे ते उठले आणि त्यांनी मला पंधरा मिनिटं पुढे केलं. बबी रडून परत आली तेव्हा मी पुन्हा पहिल्यासारखा खोटारडा झालो होतो. फाट्यावर घड्याळ नव्हतं. चहावाला म्हणाला होता, "गेली की गाडी." ती समजली, गाडी वेळेआधी सुटली, आणि लंब्या तिच्यासाठी पाच मिनिटंसुद्धा खाली उतरला नाही. तो काय समजला, ते चिठ्ठीतच लिहिलेलं होतं.

वर्षभरात बबी नर्सिंग शिकायला गेली. जाताना अप्पांना म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?" मग वर्षातून एकदा यायची, आईपाशी बसायची, दुसऱ्या दिवशी परत. लग्न केलं नाही. अप्पा दर रविवारी मला किल्ली देत राहिले, आणि देताना माझ्याकडे बघणं टाळत राहिले. आम्ही दोघे एकाच गुन्ह्यातले. मीही त्यांच्याकडे बघत नसे.

तीन महिन्यांपूर्वी किल्ली देताना अप्पा स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. म्हणजे तेही माझ्यामुळेच. मग मला किल्ली द्यायला कोणी उरलं नाही, आणि मी बंद पडलो.

बबी महिन्याची रजा काढून आली. अप्पांची खाट माझ्याच खाली मांडली होती. ती पाठ पुसायची, औषध द्यायची, पण बोलणं तेवढ्यापुरतं. एक दिवस आई म्हणाली, "घड्याळजींचा मुलगा आलाय. वडील गेले त्याचे, दुकान आवरतोय. त्याला निरोप धाडलाय. हे बंद घड्याळ बघवत नाही मला."

"आई! दुसरं कोणी नाही का?"

"गावात घड्याळजी एक होता, त्याला पोरगाही एकच. मी आता नवा कुठून आणू?"

लंब्या आला. केस पांढरे, पण डुलणं तेच. आईने विचारलं, "बायको-मुलं?" तो म्हणाला, "घड्याळं आहेत, काकू." बबी अप्पांची चादर नीट करत राहिली. चादर आधीच नीट होती.

त्याने मला उतरवलं, पुसलं, तेल दिलं, वेळ लावली आणि टांगलं. स्टूल याही वेळी लागलं नाही. "चारला पाच कमी," तो म्हणाला.

"पंधरा पुढे कर. घरात तीच सवय आहे," आई आत जाता जाता म्हणाली.

"ते घरच्यांनी करायचं. आमच्या दुकानातून–"

"–चुकीची वेळ बाहेर जात नाही," बबीने वाक्य पुरं केलं. दोघं हसता हसता राहिली.

"त्या दिवशीही बरोबरच लावलं होतं," तो हळूच म्हणाला.

"आणि अप्पांनी पुढे केलं होतं. सहाचे टोले पडले तशी मी निघाले, म्हणजे पावणेसहाला. तू तरीही गेलेला होतास."

"बबे, मी गाडीच्या दारात उभा होतो. रस्त्यावर नजर लावून. माझ्या मनगटावर सहा वाजून एक मिनिट झालं तेव्हा गाडी हलली. तू नव्हतीस."

"मी पोचले तेव्हा सहाला पाच कमी होते!"

"कोणाच्या घड्याळात?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझा लंबक अडखळला म्हणा ना.

खाटेवरून आवाज आला. "त्या दिवशी मी ते पुढे केलं नव्हतं."

अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चिठ्ठी वाचली होती मी. परत ठेवली. तुला कोंडलं नाही, रागावलो नाही. फक्त काटा पुढे केला नाही. मी काही केलंच नाही, असं बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो. पण काही न करताही किती करता येतं, ते मला माहीत होतं, पोरी."

आई दारात होती. "बावीस वर्षं!" ती म्हणाली. "माझ्या शेजारी बसून जेवलात आणि घास कसा उतरला हो तुमच्या घशाखाली?"

मी चार टोले दिले. सगळे दचकले, मी सोडून. बबीने डब्यातून गोळी काढली, पाण्याचा पेला घेतला.

"तोंड उघडा."

"रागावली नाहीस?"

"औषधाची वेळ झालीय. रागाचं नंतर बघू."

लंब्याने हत्यारं गोळा केली. उंबऱ्यात थांबून, कोणाकडेही न बघता म्हणाला, "मी उद्या सहाच्या गाडीने जातोय."

दुसरा दिवस मला एखाद्या वर्षासारखा गेला. बबी अप्पांशी अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी मी साडेपाच दाखवले, तरी ती खाटेपाशी बसून पट्ट्या गुंडाळत होती.

"जा," अप्पा म्हणाले.

"त्या दिवशीही 'जा'च म्हणाला होतात."

"हो. तेव्हा गाडी मिळणार नाही हे ठाऊक होतं म्हणून म्हणालो. आज मिळावी म्हणून म्हणतोय." अप्पांनी मान वळवून माझ्याकडे बोट केलं. "अर्धा तास आहे. ते बरोबर लावलंय. वजा करू नकोस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पट्टी तशीच टाकली, चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

मी सहा टोले दिले. अप्पा ओठ हलवत एकेक मोजत होते. आई देवाचं नाव घेत होती. सव्वासहा झाले. साडेसहाला अंगणात पावलं वाजली. दोन माणसांची. लंब्याच्या हातात त्याची बॅग होती.

"चुकली का रे गाडी?" आईने विचारलं.

"चुकवली, काकू."

बबी सरळ खाटेपाशी आली. "सहाची गोळी घेतलीत?"

"तू नव्हतीस."

"एक दिवस मी नसले तर..." तिने अप्पांचा हात धरला, नाडी बघतेय असं दाखवत. बराच वेळ बघत होती.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. घड्याळजींचं दुकान पुन्हा उघडलंय. बबीला गावातल्याच दवाखान्यात काम मिळालंय. अप्पांशी बोलते, भांडतेसुद्धा, म्हणजे बरंच जमलंय. कधी मध्येच गप्प होते आणि उठून आत जाते. तेव्हा अप्पा मला बघतात, मी त्यांना. आता आम्ही नजर चुकवत नाही.

मला कोणी दोष देत नाही. लंब्या तर म्हणतो, "घड्याळाचं काय चुकलं? ते तर बरोबर होतं." त्यामुळेच जास्त टोचतं हो. खरी वेळ दाखवली म्हणून हात झटकता येत नाहीत. खाली उभं राहून माझ्यावर विसंबणारं माणूस ती वेळ कशी वाचतं, हे मला ठाऊक होतं.

म्हणून हात नसून हात जोडतो. घरचं घड्याळ पुढे ठेवा, मागे ठेवा, तुमची मर्जी. पण ज्या दिवशी ते बदलाल, किंवा बदलायचं टाळाल, त्या दिवशी घरच्यांना सांगा. एवढंच.

सहा वाजत आलेत. बबी दवाखान्यातून आलीय, वर बघतेय. जुन्या सवयीने तिचे ओठ हलू लागलेत: पंधरा वजा...

थांबले.

आता मी टोले देतो.